टोपण घातलेलें भिंग



गाणें डोळ्यांना दिसत नाहीं; तरीहि थोर गायकांचीं छायाचित्रें आपण घरांत जपून ठेवतों. त्या कागदावर सूर नसतो, लय नसते. पण छायाचित्र उत्तम असेल तर तें पाहतांना कांहीं तरी ऐकूं येत असल्याचा भास होतो. असें छायाचित्र कसें निघतें, आणि तें काढणाऱ्यानें कोठें थांबावें, या दोन प्रश्नांचा विचार आज अमेरिकेंतील जाझ संगीताच्या एका उदाहरणावरून करावयाचा आहे. गाणारी बिली हॉलिडे. छायाचित्रें काढणारा विल्यम गॉटलीब.

गॉटलीब हा मूळचा छायाचित्रकार नव्हे. १९१७ सालीं ब्रुकलिन येथें जन्मलेला हा गृहस्थ 'वॉशिंग्टन पोस्ट' या दैनिकांत जाझविषयीं साप्ताहिक सदर लिहीत असे. सदरासाठीं छायाचित्रकाराचा खर्च सोसावयास दैनिक तयार होईना, तेव्हां त्यानें स्वतःच 'स्पीड ग्राफिक' जातीचा कॅमेरा घेतला आणि ती विद्या आपली आपण शिकून घेतली. महायुद्धानंतर तो न्यूयॉर्कला आला व १९४६ ते १९४८ या काळांत 'डाउन बीट' या संगीतविषयक नियतकालिकासाठीं लेखणी आणि कॅमेरा हीं दोन्ही चालवूं लागला.

तो कॅमेरा म्हणजे एक जड पेटीच होती. प्रत्येक चित्राला फिल्मचा सुटा तुकडा लागे, आणि कॅमेऱ्याला जोडलेला झगझगीत दिवा एकदां पेटला कीं निकामी होई. फिल्मला पैसे पडत, दिव्यालाहि पडत. त्यामुळें एका बैठकींत मोजकींच चित्रें घ्यावयाचीं, असा त्याचा शिरस्ता पडला. ही अडचण खरी. परंतु तीच त्याची गुरु ठरली. ज्याच्यापाशीं तीन-चारच संधि आहेत, त्याला गाणें लक्ष देऊन ऐकावेंच लागतें. गायिका कोणत्या शब्दावर मान वर करील, कोठें श्वास घेईल, हें ज्याच्या कानाला अगोदर कळतें, त्याचेंच बोट वेळेवर कळ दाबतें. कान तयार नसला तर हात उशिरां पोंचतो.

न्यूयॉर्कचा बावन्नावा रस्ता ही त्या काळीं या संगीताची पेठ होती. जुन्या दगडी घरांच्या तळघरांत आणि तळमजल्यांत 'थ्री ड्यूसेस', 'ओनिक्स', 'फेमस डोअर' असे क्लब दाटीवाटीनें थाटलेले असत. खोल्या चिंचोळ्या, हवा धुरकट, आणि गाणारा व ऐकणारा यांच्यांत अंतर थोडें. अशाच 'डाउनबीट' नांवाच्या क्लबांत गॉटलीबनें बिली हॉलिडेचें सुविख्यात चित्र घेतलें. त्याचा काल नोंदींत सुमारें फेब्रुवारी १९४७ असा दिलेला आहे.

बिलीचा जन्म १९१५ चा. बालपण हलाखींत गेलेलें. तिच्या आवाजाचा पल्ला लहान होता. पण ठेक्याच्या किंचित मागें रेंगाळून ती शब्द अशी टाकी, कीं साधी ओळहि ऐकणाराच्या काळजाला जाऊन भिडे. १९३९ सालीं तिनें 'स्ट्रेंज फ्रूट' हें गीत ध्वनिमुद्रित केलें. झुंडीनें ठार करून झाडाला टांगलेल्या काळ्या माणसांविषयींचें तें गीत. 'कॅफे सोसायटी' या क्लबांत ती तें गाऊं लागली कीं वाढपी जागच्या जागीं थांबत, दिवे मालवले जात आणि प्रकाशाचा एकच झोत तिच्या मुखावर राही. गॉटलीबच्या चित्रांतहि जणूं तीच शिस्त आहे. कॅमेरा अगदीं जवळ. मान मागें टाकलेली, मुख उघडें, कंठ ताणलेला. श्रोते नाहींत, क्लबाची सजावट नाहीं. सौंदर्य कोणतें आणि वेदना कोणती, हें त्या चेहऱ्यावर वेगळें काढून दाखवितां येत नाहीं. त्याच क्लबांतील त्याच सुमाराचें दुसरें एक चित्र आहे. त्यांत ती आहे आणि तिचा लाडका कुत्रा 'मिस्टर'. गाण्याबाहेरची बिली त्यांत भेटते.

आतां रंगमंच सोडून रंगपटाकडे वळूं. मंचावर उभा असलेला कलावंत लोकांनीं आपणांस पाहावें यासाठींच उभा असतो. रंगपटांत तसें नाहीं. तेथें तो घाम पुसतो, थकतो, कधीं रडतो. तेथें कॅमेरा नेणारा हा पाहुणा असतो. पाहुणा सभ्य असला तर चित्रहि सुंदर येतें. १९४६ सालीं पॅरामाउंट थिएटरांतील रंगपटांत गॉटलीबनें आरशांत दिसणारा ड्यूक एलिंग्टन टिपला. त्यांतील एलिंग्टनचा डौल मंचावरच्याहून रतिभरहि उणा नाहीं.

बिलीच्या वांट्याला मात्र वेगळे दिवस आले. मे १९४७ मध्यें मादक द्रव्यांच्या प्रकरणीं तिला अटक झाली आणि एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली. सुटून येतांच २७ मार्च १९४८ रोजीं कार्नेगी हॉलमध्यें ती गायली. परंतु न्यूयॉर्कांत जेथें मद्य विकलें जाई अशा क्लबांतून गाण्याचा परवाना तिला पुन्हा मिळाला नाहीं. व्यसनहि कायमचें सुटलें नाहीं.

गॉटलीबनें तिला शेवटचें पाहिलें, त्या रात्रीची हकीकत त्यानेंच लिहून ठेवली आहे. गाण्याची वेळ झाली तरी बिली मंचावर येईना, म्हणून तो रंगपटांत गेला. ती अर्धवट कपड्यांत, भान हरपलेली अशी त्याला आढळली. त्यानें तिला सांवरलें, तयार होण्यास मदत केली आणि हात धरून ध्वनिक्षेपकापर्यंत नेलें. तिचें रूप पाहवत नव्हतें. गाणें त्याहूनहि ऐकवत नव्हतें. गॉटलीबनें वही खिशांत घातली, कॅमेऱ्याच्या भिंगावर टोपण बसविलें आणि तो निघून गेला. पूर्वींची बिलीच आपल्या स्मरणांत राहावी, असें त्यानें ठरविलें.

कोणी म्हणेल, हें सत्य लपविणें नव्हे काय? पत्रकाराचें काम जें दिसेल तें दाखविण्याचें. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाहीं. पण त्याचें उत्तर दुसऱ्या एका छायाचित्रकाराच्या कामांत सांपडतें. मिल्ट हिंटन हा जाझमधील नामांकित बासवादक. सोबत्यांचीं हजारों चित्रें त्यानें काढलीं. बिलीच्या अखेरच्या ध्वनिमुद्रणांत तो साथीला होता, आणि तेथील तिचीं चित्रेंहि त्यानें घेतलीं. त्यांत तिचा चेहरा ओढलेला आहे. दुःख कोठेंहि झांकलेलें नाहीं. पण ती तेथें आपल्या कामांत आहे, शुद्धीवर आहे, आणि कॅमेरा धरणारा तिचा साथीदार आहे. म्हणजे प्रश्न दुःख दाखवावें कीं नाहीं हा नव्हे. समोरच्या माणसाला 'नको' म्हणण्याचें भान आहे कीं नाहीं, हा आहे. त्या रात्रीं बिलीला तें नव्हतें. तिच्या वतीनें तो नकार गॉटलीबनें स्वतःच दिला. शिवाय तिच्या व्यसनाची चर्चा वृत्तपत्रांनीं पुरेशी केलीच होती. आणखी एका चित्रानें जगाच्या ज्ञानांत कांहींच भर पडली नसती.

१७ जुलै १९५९ रोजीं, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, बिली न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत वारली. त्या रुग्णशय्येवरहि तिला अटक करण्यांत आली होती. गॉटलीबचीं सुमारें सोळाशें छायाचित्रें १९९५ सालीं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें घेतलीं. त्याच्या इच्छेनुसार १६ फेब्रुवारी २०१० पासून तीं सर्वांना खुलीं झालीं. आज कोणासहि तीं घरबसल्या पाहतां येतात. त्या रात्रीचें चित्र त्यांत नाहीं, आणि त्यावांचून संग्रहाला उणेपणा आलेला नाहीं.

आज मैफलीला जाणाऱ्या बहुतेकांच्या खिशांत कॅमेरा असतो. फिल्मचा खर्च नाहीं, दिवा जळून जाण्याची भीति नाहीं; चित्रें हवीं तितकीं काढावीं. गॉटलीबला पैशाची टंचाई थांबवीत असे. आपणांस थांबविणारें आतां बाहेर कांहीं उरलेलें नाहीं. तेव्हां गाणें चाललें असतां आधीं ऐकावें, मग कळ दाबावी. आणि पडद्यामागें माणूस खचलेला दिसला तर आधीं त्याला हात द्यावा. टोपण आपल्याच हातीं आहे.