काम बंद पडलं तर भार कुणावर?

(किनवट भागातील पाड्या-तांड्यांच्या मेळाव्यात एका तरुण कार्यकर्त्याने केलेले भाषण. १९८९ च्या होळीच्या आधी झालेल्या या भाषणाचा मजकूर बऱ्याच गावांतून मागितला गेला, म्हणून तो इथे देत आहोत; त्यातले कायदे, दर आणि परिस्थिती त्या वेळची आहे. पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा.)



आज जमिनीच्या दाव्यांवर बोलायचं असं ठरलं होतं. मी बोलणार आहे रोजगार हमीवर. कुणी म्हणेल, हा पोरगा विषय सोडून चालला. पण हे दोन विषय वेगळे नाहीत, हेच मला आज सांगायचं आहे.

दिवाळीपासून आपल्या भागातली कामं एकेक करून बंद झाली. कुठं पाझर तलावाची पाळ अर्धी राहिली, कुठं रस्त्याची खडी तशीच पडून आहे. मजूर विचारायला गेला की साहेब सांगतात, "पाऊस चांगला झाला, आता काम कशाला लागतं?" पाऊस चांगला झाला हे खरं. पण ज्याच्या नावावर शेत नाही, त्याच्या घरात पाऊस कसा पिकणार? ज्याचं शेत सावकाराकडं अडकलं आहे, त्याचा कापूस दुसऱ्याच्या गाडीत जातो. जमीनवाल्याला दुष्काळ एखाद्या वर्षी पडतो. आपल्याला तो दरवर्षी शिमग्यापासून मिरगापर्यंत पडतो. मधे तेंदूपत्त्याचे थोडे दिवस सोडले तर हाताला काहीच नसतं.

आता मी तुम्हाला गिरणीतल्या कामगाराची गोष्ट सांगतो. नांदेडला कापडाच्या गिरण्या आहेत हे तुम्हाला माहीत आहे. समजा कापूस आला नाही, वीज गेली, यंत्र मोडलं, नाहीतर माल खपेना म्हणून गोदाम भरलं. मालक म्हणतो, काही दिवस काम बंद. याला ते लोक 'ले-ऑफ' म्हणतात. माणसाला कामावरून काढलेलं नसतं, हजेरीपटावर नाव असतं, पण काम नसतं. मग त्या कामगारानं खायचं काय? त्याच्यासाठी कायदा आहे. १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात कलमं घातली गेली. ज्या कारखान्यात पन्नास किंवा जास्त कामगार आहेत, तिथं वर्षभर काम केलेल्या माणसाला ले-ऑफच्या दिवसांचा निम्मा पगार आणि निम्मा महागाई भत्ता मिळतो. साधारण वर्षाला पंचेचाळीस दिवसांपर्यंत तो मिळतो.

हे कामगारांनी भांडून मिळवलं आहे. त्यांचं मिळालेलं कमी करा असं आपण कधीच म्हणणार नाही. पण त्या कायद्यात जे तत्त्व आहे ते नीट ध्यानात घ्या. काम बंद पडलं त्यात मजुराचा गुन्हा नाही, म्हणून नुकसानीचा सगळा भार एकट्या मजुरावर टाकायचा नाही. एवढंच ते तत्त्व आहे. मात्र त्याच कायद्यात हंगामी धंद्याला हे लागू नाही. बदलीवर, रोजंदारीवर येणाऱ्याला मिळायची मारामार. ऊसतोड करणारा, वीटभट्टीवरचा, जंगलखात्याच्या कुपात लाकूड तोडणारा, आंध्रात आदिलाबादकडं कापूस वेचायला जाणारा, लातूरच्या डाळ मिलात पोती उचलणारा, यांच्यापैकी कुणाला निम्मा पगार मिळाला असं तुम्ही ऐकलं का? पोट तर दोघांचं सारखंच आहे.

मग आपल्यासाठी काहीच नाही का? आहे. पण ते कागदावर आहे, आणि तो कागद आपल्याला कुणी वाचून दाखवला नाही.

बहात्तरचा दुष्काळ म्हाताऱ्या माणसांना आठवतो. मी तेव्हा लहान होतो, मला आईनं सांगितलेलं. लोक खडी फोडायला गेले, सुकडी खाऊन दिवस काढले. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामावर होती. त्या वेळेपर्यंत सरकारची रीत अशी होती, की आधी पिकाची आणेवारी काढायची. पन्नास पैशांच्या खाली आली तर टंचाई जाहीर करायची आणि मग कामं काढायची. म्हणजे संकट आलं की नाही हे ठरवणार कोण? तलाठी, तहसीलदार आणि जमीनवाल्याचं पीक. मजुराला कुणी विचारत नव्हतं.

रोजगार हमीनं ही रीत बदलली. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी ही कल्पना मांडली आणि आधी तासगाव तालुक्यात ती करून पाहिली. पुढं ती सगळ्या राज्यात आली. १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. या कायद्यात आणेवारी विचारायची नाही. पाऊस किती झाला ते विचारायचं नाही. अठरा वर्षांवरच्या माणसानं किंवा बाईनं अंगमेहनतीचं काम मागितलं, की पंधरा दिवसांत काम द्यायचं. म्हणजे संकट आहे की नाही हे आता मजूर स्वतः सांगणार, आणि सांगायची त्याची रीत म्हणजे अर्ज. म्हणून साहेब जेव्हा म्हणतात "पाऊस चांगला झाला", तेव्हा ते जुन्या रीतीनं बोलतात. आपण त्यांना शांतपणे नव्या कायद्याची आठवण द्यायची.

आणि पैसा कुठून येतो तेही माहीत असू द्या. शहरातले पगारदार, दुकानदार, वकील यांच्याकडून १९७५ पासून व्यवसाय कर घेतात. त्यात आणखी काही कर मिळवतात, आणि तेवढीच भर सरकार घालतं. तो पैसा याच कामासाठी गोळा केलेला आहे. हा आपल्यावर उपकार नाही, भीक तर नाहीच नाही.

मग पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर? कायदा म्हणतो, बेकारी भत्ता द्या. किती? दिवसाला कमीत कमी एक रुपया. ऐकून हसू येतं. एका रुपयात काय येतं? पण हसण्याआधी हिशोब करा. पन्नास माणसांनी अर्ज केला आणि तीस दिवस काम मिळालं नाही, तर पंधराशे रुपये होतात. ते देताना सरकारला लिहून द्यावं लागतं, की आम्ही या पन्नास माणसांना काम देऊ शकलो नाही. हे लिहून द्यायला कुणी तयार होत नाही. म्हणून अर्जच घेत नाहीत, आणि घेतला तर पोच देत नाहीत. मी आपल्या भागात इतकी गावं फिरलो, पण बेकारी भत्ता हातात पडलेला एक माणूस मला अजून भेटला नाही.

दुसरी बाजूही बघा. गेल्या वर्षी, १९८८ च्या मे महिन्यापासून किमान मजुरी वाढली, दुपटीच्या घरात गेली. चांगलं झालं. पण मजुरी वाढली तशी कामं आखडली. समजा मजुरी बारा रुपये धरली, तर काम दिलं की बारा जातात आणि भत्ता दिला की एक जातो. म्हणजे काम न देण्यात सरकारचे अकरा रुपये वाचतात! गिरणीच्या मालकाला निम्मा पगार द्यावा लागतो, म्हणून तो बंद ठेवण्याआधी चार वेळा विचार करतो. सरकारला एकच रुपया द्यावा लागतो, म्हणून ते विचार करत नाही. म्हणून आपली मागणी साधी आहे. गिरणीतल्या कामगाराला निम्मा, तर आम्हालाही निम्मा. बेकारी भत्ता मजुरीच्या निम्मा करा.

आता जमिनीकडं येतो. काम बंद झालं की घरात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आधी बाई भांडं गहाण टाकते. मग गडी सावकाराच्या ओट्यावर जातो. एक पायली ज्वारी आणतो, सुगीला दीड पायली द्यायची. ती फिटली नाही की पाडव्याला सालगडी म्हणून अंगठा देतो आणि उचल घेतो. आणि ज्याच्याकडं चार एकर आहे, तो म्हणतो, यंदाचं साल शेत तुम्ही करा. एका सालाची चार सालं होतात. सात-बारावर नाव आपलं, नांगर दुसऱ्याचा.

१९७४ च्या कायद्यानं १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासींकडं गेलेल्या आपल्या जमिनी परत द्यायच्या आहेत. त्यासाठीच आपण भांडतो, मोर्चे काढतो. त्यानंतर कलेक्टरच्या परवानगीशिवाय आपली जमीन बिगर आदिवासीला घेताच येत नाही. पण कायद्यानं पुढच्या दारानं आलेली जमीन भूक मागच्या दारानं घेऊन जाते. कागद नाही, खरेदीखत नाही, नुसतं तोंडी. म्हणून मी म्हणतो, उन्हाळ्यातलं काम आणि काम नसेल तेव्हाचा भत्ता हा आपल्या शेताचा बांध आहे. बांध फुटला की माती वाहून जाते, मग कोर्टात जिंकलेला निकाल घेऊन काय करायचं?

कुणी म्हणतात, खावटी मिळते ना. १९७८ पासून पावसाळ्यात खावटी कर्ज मिळतं, खरं आहे. सावकारापेक्षा ते बरं, हेही खरं. पण ते कर्ज आहे. ते डोक्यावर बसतं, आणि थकलं की पुढच्या साली मिळायला अडचण. भत्ता परत करायचा नसतो. कर्ज आणि हक्क यात हा फरक आहे.

आणि कुणी म्हणतात, घरबसल्या पैसे दिले तर आदिवासी आळशी होईल. असं म्हणणाऱ्याला सांगा, आम्ही आधी काम मागतो. कुदळ घेऊन उभे राहतो. काम निघालं आणि आम्ही गेलो नाही, तर आमचा भत्त्याचा हक्क जातो, तसं कायद्यातच आहे. आम्हाला भत्त्याची हौस नाही. काम द्या, भत्ता मागणार नाही.

आता करायचं काय? कामाच्या गोष्टी सांगतो, नीट ऐका.

पहिली गोष्ट, नाव नोंदवा. ग्रामसेवकाकडं जाऊन घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव वेगळं नोंदवा. बायांची नावं गड्याच्या नावाखाली टाकू देऊ नका. या कायद्यात बाईची मजुरी आणि गड्याची मजुरी एकच आहे.

दुसरी, एकट्यानं अर्ज करू नका. नवीन काम काढायला पन्नास मजूर लागतात. एका पाड्यात पन्नास होत नसतील तर तीन पाडे मिळून करा. कोलामांचा पोड, गोंडांचा गुडा, आंध, प्रधान, बंजाऱ्यांचा तांडा, कुणालाही सोडू नका. बेकारी सगळ्यांची एकच आहे. अर्जात लिहा, की आम्ही सलग तीस दिवस काम करायला तयार आहोत.

तिसरी, पोच घेतल्याशिवाय उठू नका. ही सगळ्यात मोठी गोष्ट. पंधरा दिवस मोजायचे ते पोचेच्या तारखेपासून. तलाठी किंवा ग्रामसेवक घेत नसेल तर सगळे मिळून तहसीलला चला. तिथंही नाही घेतला तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. पोस्टाची पावती हीच पोच. खर्च पन्नास जणांत वाटला तर जड जात नाही.

चौथी, सोळाव्या दिवशी दुसरा अर्ज द्या. त्यात एवढंच लिहा, की अमुक तारखेला काम मागितलं, मिळालं नाही, तर कायद्याप्रमाणे बेकारी भत्ता द्यावा. खाली सगळ्यांच्या सह्या, अंगठे. त्याची एक नक्कल आपल्या संघटनेकडं ठेवा.

पाचवी, काम निघालं तर कामावर पाणी, सावली, औषधाची पेटी आणि लेकरांना सांभाळायची सोय मागा. मोजमाप आपल्यासमोर करायला लावा. मस्टरवर अंगठा देण्याआधी शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या.

मी बारावीपर्यंत शिकलो म्हणून तुम्ही मला कागद वाचायला सांगता. पण हे अर्ज लिहायला बारावी लागत नाही. प्रत्येक गावात चौथी-सातवी झालेली एक पोरगी नाहीतर पोरगा आहेच. त्याला आजच या कामाला लावा. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावानं एक पोच घेऊन यायची, मोकळ्या हातानं यायचं नाही. वीस गावांच्या वीस पोचा झाल्या, की आपण नांदेडला कलेक्टरकडं जाऊ आणि त्या टेबलावर ठेवू. मग पाऊस किती झाला ते साहेबांनी सांगू नये. काम कधी देता, नाहीतर भत्ता कधी देता, तेवढं सांगावं.

जोहार.