कपाटातलं गजराचं घड्याळ

आम्ही कोपरहून बोलतोय. दिवा आणि डोंबिवलीच्या मधलं हे स्टेशन. खालून मध्य रेल्वेची लोकल जाते, वरच्या फलाटावरून वसईची गाडी जाते. मागे खाडी आणि पुढे इमारती. आमचा बचत गट इथलाच. आज आम्ही घड्याळांविषयी बोलणार आहोत. भिंतीवरच्या नाही, मनगटावरच्या, आणि त्यातही गजर वाजणाऱ्या जुन्या चावीच्या घड्याळांविषयी.

तुम्ही म्हणाल, हा पैसेवाल्यांचा शौक, आपल्याला काय त्याचं? पण ही घड्याळं आहेत कुठे? आपल्याच कपाटात, साड्यांच्या घडीखाली, गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात. ती घेणारे दारावर येतात तेव्हा घरात बहुतेक वेळा आपणच असतो. जुन्या कपड्यांवर भांडी मिळतात तसं जुन्या घड्याळावर एखादा प्लास्टिकचा टब मिळतो, आणि आपल्याला वाटतं बरंच झालं, अडगळ गेली. म्हणून हे माहीत हवं.

आधी हे घड्याळ म्हणजे काय ते सांगतो. साध्या चावीच्या घड्याळात एक गुंडाळलेली स्प्रिंग असते. चावी दिली की ती आवळते आणि हळूहळू उलगडत चाकं फिरवते. गजराच्या बहुतेक घड्याळांत अशा दोन स्प्रिंगा असतात, एक वेळेसाठी आणि एक गजरासाठी. म्हणून बाजूला बहुधा दोन चाव्या दिसतात. काहींमध्ये एक चावी आणि एक दाबायची कळ असते. तबकडीवर तास, मिनिट, सेकंद यांच्याशिवाय एक जास्तीचा काटा किंवा आतली फिरणारी कडी असते. ती ज्या वेळेवर ठेवाल त्या वेळी आतली बारीकशी हातोडी मागच्या झाकणाच्या खुंटीवर आपटू लागते आणि गुणगुणल्यासारखा, किर्रर्र आवाज येतो. बॅटरी नाही, वीज नाही. आवाज काही सेकंदच टिकतो, पण मनगटावर थरथर जाणवते, त्यामुळे शेजारचं माणूस न उठता आपण उठतो.

अशा घड्याळांत गाजलेलं पहिलं म्हणजे स्वित्झर्लंडच्या व्हल्केन कंपनीचं ‘क्रिकेट’, 1947 सालचं. हे क्रिकेट बॅट-बॉलचं नाही बरं का. इंग्रजीत रातकिड्याला क्रिकेट म्हणतात, आणि त्याचा आवाज रातकिड्यासारखा म्हणून ते नाव. एवढासा किडा केवढा आवाज करतो, ते आपल्याला पावसाळ्यात कोणी शिकवायला नको. त्यानंतर मेमोव्हॉक्स नावाचं स्विस घड्याळ आलं. 1958 साली जपानच्या सिटिझन कंपनीने त्या देशातलं पहिलं गजराचं मनगटी घड्याळ काढलं. 1966 मध्ये सीकोचं ‘बेलमॅटिक’ आलं. रशियातूनही पोल्योत नावाची गजराची घड्याळं निघत.

आता ही परदेशी घड्याळं आपल्याकडे कशी आली? कोकणातली, ठाणे-रायगडातली माणसं बोटीवर जात, पुढे आखातात नोकरीला जाऊ लागली. येताना ट्रान्झिस्टर आणायची, तसं घड्याळ आणायची. तेव्हा परदेशी घड्याळावर एवढे निर्बंध होते की सोन्याबरोबर घड्याळांचीही चोरटी आयात मुंबईच्या किनाऱ्यावर चालायची. ज्याच्या हातात असं घड्याळ, त्याच्याकडे लग्नात चार माणसं वळून बघायची.

आणि गजराची गरज तर आपल्या भागाला फारच होती. गिरणगावात भोंगा वाजायचा, माणसं त्यावर उठायची. पण डोंबिवली-कल्याणच्या बाजूला राहून मुंबईत पहिली पाळी गाठायची तर भोंगा ऐकू येणार कसा? पहाटेची गाडी चुकली की खाडा पडायचा. घरात आठ माणसं एका खोलीत झोपलेली. टेबलावरचं गजराचं घड्याळ वाजलं की तान्हं मूल उठायचं, म्हातारी उठायची. मनगटावरच्या घड्याळाने फक्त ज्याला जायचं तोच उठायचा. आणि खरं सांगायचं तर त्याच्याआधी डबा करायला उठलेली त्याची बायको. तिला गजर कोणी दिला होता?

आपल्या देशातलं घड्याळ म्हणजे एच.एम.टी. ही सरकारी कंपनी 1953 साली यंत्रं बनवायला निघाली आणि 1961 मध्ये बंगळुरूला तिचा घड्याळाचा कारखाना सुरू झाला, तोही त्याच जपानी सिटिझन कंपनीच्या मदतीने. जनता, सोना, पायलट, कांचन ही नावं तुमच्या घरात ऐकलेली असतील. लग्नात जावयाला एच.एम.टी. देणं म्हणजे मानाची गोष्ट. 2016 साली सरकारने एच.एम.टी.चा घड्याळाचा कारभार बंद करायचं ठरवलं, आणि त्यानंतर लोक ही घड्याळं जास्तच शोधू लागले. जे बनणं थांबतं ते शोधलं जातं, हा बाजाराचा नियमच आहे.

आता पैशाची गोष्ट. आमच्या गटातल्या एका ताईंची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही, त्यांना विचारूनच सांगतोय. यजमान जाऊन दोन वर्षं झालेली. मुलीची फी भरायची होती, हप्ताही डोक्यावर होता. कपाटात दोन घड्याळं निघाली. एक दोन चाव्यांचं, सासऱ्यांनी बोटीवरून आणलेलं. दुसरं एच.एम.टी. जनता, यजमान रोज घालायचे ते. दारावर आलेला माणूस म्हणाला, “दोन्ही बंद आहेत, भंगार आहे, पण आत सतरा हिरे आहेत म्हणून थोडे देतो.” हिरे ऐकून ताई थबकल्या. हिरे असतील तर थोडेच का? आणि त्यांनी विषय गटाच्या सभेत काढला.

आम्ही सगळ्या मिळून एका जुन्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी जे समजावलं ते आम्ही वहीत लिहून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतोय.

पहिलं. तबकडीवर ‘17 ज्वेल्स’ लिहिलेलं असतं ते हिरे नव्हेत. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून त्यांच्या टोकाखाली कारखान्यात बनवलेले माणकासारखे बारीक खडे बसवतात. खडा म्हणून त्याला किंमत नाही. हिऱ्याच्या नावाने कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका, आणि हिऱ्याच्या नावाने कोणी उपकार दाखवत असेल तर भुलू नका.

दुसरं. पिवळं दिसतं म्हणून सोनं नसतं. मागे ‘20 मायक्रॉन्स’ किंवा ‘10 मायक्रॉन्स’ असं कोरलं असेल तर तो सोन्याचा मुलामा आहे. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. म्हणजे वीस मायक्रॉनचे पन्नास थर एकावर एक ठेवले तर कुठे एक मिलिमीटर होणार. अशा घड्याळाची किंमत सोन्यात नसते, आतल्या यंत्रात आणि अस्सलपणात असते.

तिसरं. ‘इन्काब्लॉक’ हा शब्द पुष्कळ घड्याळांवर दिसतो. ते कंपनीचं नाव नाही. घड्याळ पडलं तर नाजूक आस मोडू नये म्हणून केलेल्या सोयीचं ते नाव. कंपनीचं नाव सहसा बाराच्या आकड्याखाली असतं.

चौथं, आणि हे फार महत्त्वाचं. घड्याळ घासूनपुसून चकचकीत करू नका, तबकडी रंगवून घेऊ नका. जुन्या घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवून, चार घड्याळांचे भाग एकात घालून विकायचा मोठा धंदा आहे. परदेशातले शौकीन अशा जोडघड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ऐकायला कौतुक वाटतं, पण तो टोमणा आहे. डाग पडलेली खरी तबकडी जाणकाराला चालते, रंगवलेली नवीकोरी चालत नाही. पितळेचं जुनं भांडं घासलं की लखलखतं. घड्याळाचं तसं नाही, घासलं की उतरतं.

पाचवं. अंधारात चमकायला लावलेल्या जुन्या रंगाला नख लावू नका. आपण गाडीवरच्या चमकणाऱ्या पट्टीलासुद्धा रेडियम म्हणतो, ती साधी असते. पण साधारण 1960च्या दशकापर्यंत पुष्कळ घड्याळांवर खरंच रेडियमचा रंग असे. अमेरिकेत 1920च्या सुमारास कारखान्यांत तरुण मुली हा रंग लावत. टोक बारीक करायला ब्रश ओठांत धरायला त्यांना सांगितलेलं होतं. त्यांचे जबडे झिजले, हाडं सडली, कित्येकजणी गेल्या. न्यू जर्सीतल्या पाचजणी कोर्टात गेल्या आणि 1928 मध्ये कंपनीला त्यांना भरपाई द्यावी लागली. कामगारांच्या हक्कांच्या इतिहासात त्या बायकांचं नाव मोठं आहे. रंगाची चमक आज गेली असली तरी आतलं रेडियम शेकडो वर्षं टिकतं. म्हणून अशा घड्याळाची काच उघडू नका, मुलांना खेळायला देऊ नका.

सहावं, विकत घेणाऱ्यांसाठी. कोणाला हौस असेल आणि गजराचं घड्याळ घ्यायचंच असेल, तर समोर बसून वाजवून बघा. दोन्ही चाव्या द्या, गजर पंधरा मिनिटं पुढे लावा आणि चहा घेत थांबा. सांगितलेल्या वेळेच्या आसपास वाजला तर ठीक. आवाज दबका आला तर मागचं झाकण बदललेलं असू शकतं. काही घड्याळांत आवाज बाहेर यावा म्हणून ते दुहेरी असतं, बाहेरच्या झाकणाला भोकं असतात. पाण्याशी या जुन्या घड्याळांचं वैर. भांडी घासताना, लावणीत, पावसात घालायची ही वस्तू नाही. आणि दुरुस्त करणारा घड्याळजी जवळपास आहे का, ते घेण्याआधी विचारा. साध्या चावीच्या घड्याळापेक्षा याचं काम किचकट असतं.

सातवं, विकणाऱ्यांसाठी. एका माणसाच्या भावावर विकू नका, तिघांना विचारा. कोण किती मागतो ते बघू नका, तसलं घड्याळ खरोखर कितीला गेलं ते विचारा. ‘दाखवून आणतो’ म्हणून कोणी नेत असेल तर आधी पुढून-मागून फोटो काढा, मागचा नंबर वहीत लिहा, चिठ्ठीवर सही घ्या. फोनवर पैसे येणार असतील तर एक गोष्ट पाठ करा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन पैसे द्यायला लागतो. ‘पिन टाका म्हणजे पैसे येतील’ असं कोणी म्हणालं की फोन ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या नंबरवर कळवा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

आता ताईंचं पुढे काय झालं? घड्याळजींनी दोन चाव्यांचं घड्याळ उघडून साफ केलं, तेल दिलं. आतलं सगळं मूळचं होतं. गजर लावला तेव्हा आम्ही दहाजणी त्या छोट्या दुकानात श्वास धरून उभ्या होतो. किर्रर्र वाजलं आणि ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, “सासरे असेपर्यंत हा आवाज रोज ऐकला. माझा दिवस त्याच्यावरच सुरू व्हायचा.”

दिरांचं म्हणणं पडलं की वडिलांची वस्तू, विकायची नाही. ताई म्हणाल्या, “ठेवायची तर तुम्ही ठेवा, मुलीची फी भरा.” घरात दोन दिवस धुसफूस झाली. गटाने त्यांना एवढंच सांगितलं की घाईने विकू नका. हप्त्यापुरतं गटातून कर्ज घ्या, मग शांतपणे ठरवा. निर्णय आम्ही घेतला नाही, तो त्यांचाच. महिन्याभराने त्यांनी तीन जणांकडून भाव घेतला, दिरांना समोर बसवलं आणि गजराचं घड्याळ विकलं. टबाची गोष्ट राहिली दूर, वर्षाची फी भरून गटाचं कर्जही फिटलं.

एच.एम.टी. मात्र त्यांनी विकली नाही. बाजारात तिला त्या दुसऱ्या घड्याळाइतका भाव नव्हता, पण पट्ट्यावर यजमानांच्या मनगटाची खूण होती. आता ती मुलगी घालते. रोज सकाळी चावी देते आणि कॉलेजला जाते.

मैत्रिणींनो, वस्तूची बाजारातली किंमत एक असते आणि घरातली दुसरी. दोन्ही माहीत असल्या की मग विकायचं की ठेवायचं हे आपलं आपण ठरवू शकतो. माहीत नसलं की दारावरचा माणूस ठरवतो.

म्हणून पुढच्या सभेला एक काम करा. प्रत्येकीने घरातलं बंद पडलेलं घड्याळ घेऊन या. विकायला नको, नुसतं बघायला. चावी जोर लावून फिरवू नका, फडक्यात गुंडाळून आणा. कोणाचं होतं, कुठून आलं, ते सांगा, आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. पावसाळ्यात दमट हवेने आत गंज चढतो, तेव्हा औषधाच्या बाटलीत मिळते ती ओल शोषणारी पुडी डब्यात टाकून ठेवा. वर्षानुवर्षं न चाललेलं घड्याळ सुरू करण्याआधी घड्याळजींना दाखवा, कारण वाळलेल्या तेलावर चाकं फिरली तर झिजतात.

आणि एक. ज्यांच्या गावात अजून म्हातारे घड्याळजी आहेत, त्यांच्याकडे एखाद्या मुलीला शिकायला पाठवता येईल का, याचाही विचार करा. बारीक नजर, स्थिर हात आणि धीर एवढंच या कामाला लागतं. मणी ओवणाऱ्या, जर शिवणाऱ्या आपल्या मुलींकडे ते आहेच.

आमचं बोलणं इथे संपवतो. नमस्कार.