भुकेल्यांपुढे व्हायोलिन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या भजनी वर्गाने वृद्धाश्रमात व रुग्णालयात जावे असा विचार मागच्या बैठकीत निघाला, तेव्हा एका भगिनीने विचारले, "भजनाने का कुणाचे पोट भरते? त्यापेक्षा फळे वाटू या." प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून मी एका थोर वादकाची हकीकत सांगणार आहे.

येहुदी मेनुहिन हे १९१६ साली न्यूयॉर्क येथे एका ज्यू कुटुंबात जन्मले. लहान वयातच व्हायोलिनवादक म्हणून त्यांची जगभर कीर्ती झाली. १९५२ साली पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून ते भारतात आले, मुंबई, दिल्ली वगैरे शहरांत त्यांनी वादन केले आणि ते उत्पन्न दुष्काळनिवारणासाठी दिले. आपल्या पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांची व त्यांची गाठ पडली ती याच भेटीत, मुंबईला. तेव्हा कलेतून पैसा उभारून तो भुकेल्यांच्या कामी लावणे त्यांना चांगले ठाऊक होते. पण मला सांगायचे आहे ते त्याच्या सात वर्षे आधीचे. त्या कार्यक्रमाला तिकीट नव्हते आणि निधीही नव्हता.

जर्मनीत बेल्सन येथे नाझींची छळछावणी होती. १९४५ च्या एप्रिलमध्ये इंग्रज फौजा तेथे पोहोचल्या, तेव्हा सुमारे साठ हजार माणसे उपासमारीने आणि टायफसच्या साथीने खंगलेली आढळली. हजारो प्रेते उघड्यावर पडली होती. सुटका झाल्यावरही पुढच्या काही आठवड्यांत तेरा हजारांवर माणसे दगावली. अशा ठिकाणी पहिली गरज अन्नाची, औषधाची आणि स्वच्छ अंथरुणाची. ते सारे आधी आले. मेनुहिन आले ते जुलै महिन्यात. बेंजामिन ब्रिटन हे नामांकित इंग्रज संगीतरचनाकार पियानोच्या साथीला म्हणून आपण होऊन त्यांच्याबरोबर निघाले होते.

त्या श्रोत्यांत अनिता लास्कर नावाची वीस वर्षांची मुलगी होती. ती चेलो वाजवी. हे व्हायोलिनच्याच जातीचे, पण मोठे व खर्जातले वाद्य. बेल्सनपूर्वी ती ऑश्विट्झच्या छावणीत होती. कैदी कामावर जाताना आणि परतताना तेथे बायकांच्या वाद्यवृंदाला कूच वाजवावे लागे. त्या वृंदात घेतल्यामुळेच तिचा जीव वाचला. भगिनींनो, याचा विचार करा. तिथे तिच्याकडून संगीत वाजवून घेतले जात होते, वेठीला धरून. बेल्सनमध्ये तिच्यासाठी कुणीतरी वाजवीत होते!

त्या कार्यक्रमाविषयी तिने पत्रात लिहून ठेवले आहे. दोघांचेही कपडे अगदी साधे, जवळजवळ गबाळे होते आणि त्या जागेला तेच शोभले, असे ती म्हणते. तिच्या मनावर अधिक ठसला तो साथीदार. त्याचे नावही तिला तेव्हा परिचित नव्हते. मला या पत्राचे मोल फार वाटते. जिला काल अंगावरच्या आकड्याने ओळखत होते, ती आज जाणकारीने वादक आणि साथीदार यांची पारख करीत होती. भाकरी घेताना ती निराधार होती. ऐकताना मात्र ती रसिक होती. मेनुहिनांनी तिला दिले ते हेच.

पुढे १९७७ साली मेनुहिनांनी इंग्लंडमध्ये तरुण वादकांना रुग्णालयांत व वृद्धांच्या निवासांत नेणारी संस्था काढली. ते १९९९ साली वारले, पण तिचे काम त्यांच्यामागेही चालू राहिले.

म्हणून माझे सांगणे एवढेच. फळे जरूर न्या, आणि आधी फळेच द्या. मग पेटी उघडा. जाताना भरजरी साड्या आणि फोटोवाला बरोबर नको. तिथल्या एखाद्या आजींनी, "तुमचा ठेका जरा धावतो," असे सुनावले, तर राग मानू नका. आपले येणे सार्थकी लागले असे समजा.