ज्योचं लग्न आणि दीडशे वर्षांची हुज्जत



१८६८ सालच्या हिवाळ्यात लुइझा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेला वाचक मुलींनी पत्रं पाठवून पाठवून जेरीस आणलं होतं. तिच्या 'लिटल विमेन' या कादंबरीचा पहिला भाग बॉस्टनच्या रॉबर्ट्‌स ब्रदर्स या प्रकाशनाने सप्टेंबरअखेरीस काढला होता. दोन हजार प्रतींची पहिली आवृत्ती बघता बघता संपली. प्रकाशकाला दुसरा भाग ताबडतोब हवा होता आणि मुलींना हवं होतं नायिका ज्योचं लग्न, तेही शेजारच्या लॉरीशी. अल्कॉट स्वतः आजन्म अविवाहित राहिलेली, लिहून घर चालवणारी बाई. बाईच्या आयुष्याला लग्नाशिवाय दुसरा मुक्कामच नसल्यासारख्या या पोरी विचारतात, अशी कुरकुर तिने रोजनिशीत केली आणि कुणाच्याही खुशीसाठी ज्योला लॉरीच्या गळ्यात बांधायचं नाही, असं ठरवून टाकलं.

ज्योला बिनलग्नाची ठेवणं मात्र तिलाही जमलं नाही. मग तिने एक खोडी काढली. १८६९च्या एप्रिलमध्ये दुसरा भाग आला. त्यात लॉरी झाला ज्योच्या धाकट्या बहिणीचा, अ‍ॅमीचा नवरा आणि ज्योच्या वाट्याला आले प्रोफेसर भाएर: वयाने थोराड, दाढीवाले, जर्मन वळणाचं इंग्रजी बोलणारे, खिशाने रिकामे. त्यांनी ज्योला मागणी घातली तीही भर पावसात, चिखल तुडवत, छत्रीखाली. वाचकांच्या हट्टापुढे साफ नकार द्यायची छाती झाली नाही, म्हणून मुद्दाम हे विचित्र स्थळ आणलं, अशी कबुली अल्कॉटने एका पत्रात देऊन ठेवली आहे.

शांता शेळके यांनी ही कादंबरी 'चौघीजणी' या नावाने मराठीत आणली आणि ही हुज्जत आपल्याकडेही पोचली. भाएर सरांना अजून माफ न केलेल्या आज्या, मावश्या आणि भाच्या मराठी घरांत सापडतात. २०१९ साली ग्रेटा गर्विगने या कादंबरीवर सिनेमा काढला, तेव्हा तिने तर ज्योच्या लग्नाचाच सौदा करून दाखवला. नायिकेचं लग्न झाल्याशिवाय पुस्तक खपायचं नाही, असं प्रकाशक म्हणतो. आणि ज्यो लग्न लावून देते, पण बदल्यात मानधनाची टक्केवारी वाढवून घेते आणि पुस्तकाचे हक्क स्वतःकडे ठेवते.

आजची वाचक लेखिकेला टपालाने पत्र धाडत नाही, पण हट्ट तोच आहे. कुणी पंधरा-सोळाची असते, कुणी पंचविशीची, आणि चाळिशी ओलांडलेल्याही काही कमी नाहीत. तरुणाईच्या प्रेमकथा ती हातात रंगीत चिकटचिठ्ठ्यांचं पाकीट घेऊन वाचते. लाजऱ्या प्रसंगाला गुलाबी चिठ्ठी, रडवणाऱ्याला निळी, हसवणाऱ्याला पिवळी. रंग ज्याचे त्याने ठरवायचे. पुस्तक संपेपर्यंत पानांच्या कडेला झालर तयार होते. तिची बोलीही ठरलेली आहे. अमुक दोघांचं जमलंच पाहिजे म्हणून अडून बसणं म्हणजे त्यांना 'शिप' करणं. प्रेमाची कबुली शेवटच्या पन्नास पानांपर्यंत लांबवली, की तो 'स्लो बर्न'. आधी वैर आणि मग प्रेम, हा 'एनिमीज टू लव्हर्स'. खोटंखोटं जमवलेलं खरं होऊन बसतं, ते 'फेक डेटिंग'. आणि शेवटी जी जोडी टिकते, ती 'एंडगेम'.

वडीलधाऱ्यांना हे सगळं साचेबंद वाटतं. आहेच ते साचेबंद. पण सीतास्वयंवराचं आख्यान ऐकायला बसलेल्यालाही धनुष्य कोण उचलणार हे ठाऊकच असतं. बुवा ते कसं रंगवतात, यासाठी तो बसलेला असतो. या वाचकाचंही तसंच. जोडी जमणार हे तिला पहिल्या प्रकरणातच कळतं. ती बघत असते, की लेखकाने ती जोडी कमावली आहे की आयती पदरात टाकली आहे.

एल. एम. माँटगोमेरी या कॅनडाच्या लेखिकेने ती कमावली, यात शंका नाही. 'अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स' ही तिची कादंबरी १९०८ सालची. प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या शाळेत गिल्बर्ट ब्लाइथ हा पोरगा नव्या मुलीची लालभडक वेणी ओढतो आणि केसांच्या रंगावरून तिला चिडवतो. अ‍ॅन उठते आणि हातातली पाटी त्याच्या डोक्यात घालून फोडते. शिक्षा होते अ‍ॅनला. गिल्बर्ट माफी मागतो, ती ढुंकून बघत नाही. मग अभ्यासात एकमेकांवर कुरघोडी करण्यात दोघांची वर्षं जातात. पुस्तकाच्या शेवटी तो तिच्यासाठी गावातली शिक्षकाची नोकरी सोडून देतो, तेव्हा कुठे मैत्री होते. नुसती मैत्री! पुढे तिसऱ्या खंडात पहिल्यांदा त्याने विचारलं, तेव्हा तिने चक्क नकार दिला. तो विषमज्वराने मरणाच्या दारात गेल्यावर तिला स्वतःचं मन कळलं, आणि ते पुस्तक आलं १९१५ साली. पाटी फुटल्यापासून होकारापर्यंत वाचकांनी सात वर्षं कळ काढली.

पुढे १९४२ साली मॉरीन डेली या जेमतेम एकविशीतल्या मुलीची 'सेव्हन्टीन्थ समर' आली. विस्कॉन्सिनमधल्या एका गावात एका उन्हाळ्यात जमलेली अँजी आणि जॅक ही जोडी, आणि सप्टेंबर येताच दोघांच्या दोन वाटा. तरुणांसाठी लिहिलेल्या प्रेमकादंबरीची सुरुवात अमेरिकेत बरेच जण इथून मोजतात.

आज या वाचकाच्या देव्हाऱ्यात कोण, असं विचारलं तर जेनी हान हे नाव आधी येईल. कोरियन आईबापांची, अमेरिकेत वाढलेली ही लेखिका. किशोरवयात ती आवडलेल्या मुलांना प्रेमपत्रं लिहायची आणि एकही टाकायची नाही. २०१४ सालच्या 'टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ह्ड बिफोर' या कादंबरीत तिने हीच सवय लारा जीन या नायिकेला दिली. लारा जीनची पाच पत्रं टोपीच्या जुन्या खोक्यात पडून असतात आणि एक दिवस ती पाचही टपालात पडतात. त्यातून पीटर कॅव्हिन्स्की या मुलाबरोबर खोट्या प्रेमाचा लेखी करार होतो. कलमं घातलेला, सह्या केलेला करार! त्यात पीटरने तिला रोज एक चिठ्ठी लिहायची, हेही आलं. २०१८ साली नेटफ्लिक्सवर सिनेमा आला, तेव्हा चाहत्यांच्या मनात चुंबनाइतकीच आणखी एक गोष्ट रुतून बसली. सहलीला निघताना पीटर गावाच्या दुसऱ्या टोकाच्या कोरियन दुकानात जाऊन लारा जीनच्या आवडीचं दह्याचं पेय घेऊन येतो. एवढंच. पण तो एवढं लांब गेला, हे कळल्यावर खोटा करार खोटा उरत नाही. जोडी कमावणं म्हणतात ते हे.

या सिनेमामागची एक गोष्ट कमी सांगितली जाते. हानने लिहिलं आहे, की हक्क मागायला आलेल्या निर्मात्यांपैकी एक सोडून सगळ्यांना नायिका गोरी हवी होती. तिने त्या एकालाच हक्क दिले. लारा जीन कोरियन वंशाची आहे हे पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच दिसतं, तरी हे घडलं. ती वंशाने कोण आहे याने कथेत काही फरक पडत नाही, असं बाकीच्या निर्मात्यांचं म्हणणं. फरक पडत नाही तर बदलायची घाई कशाला, हा साधा प्रश्न कुणाला सुचला नाही.

आता थोडं भांडणाबद्दल. एक मुलगी आणि दोन मुलं असा डाव मांडला, की वाचकांचे तट पडतात. २००५ साली आलेल्या स्टेफनी मायरच्या 'ट्वायलाइट'ने या तटांना टीशर्ट दिले: 'टीम एडवर्ड' आणि 'टीम जेकब'. एडवर्ड रक्तपिपासू, जेकब लांडगा होणारा. अडचणी दोघांतही होत्या. मालिकेतला चौथा खंड २ ऑगस्ट २००८च्या मध्यरात्री विक्रीला आला आणि एकट्या अमेरिकेत पहिल्या दिवशी तेरा लाख प्रती गेल्या. मायरने कथा फोर्क्स या गावात घातली, ती खूप पावसाचं गाव इंटरनेटवर शोधून. लिहायला घेतलं तेव्हा तिने ते पाहिलंही नव्हतं. लाकूडतोडीवर जगणाऱ्या त्या चिमुकल्या गावात मग कथेतल्या नायिकेचं, बेलाचं घर कुठे, असं विचारत पर्यटक येऊ लागले. गाव हुशार निघालं. बेलाचा वाढदिवस १३ सप्टेंबरला, म्हणून तिथे त्या सुमारास उत्सव भरतो.

हानच्याच 'द समर आय टर्न्ड प्रिटी'चं भांडण याहून कडू झालं. बेली, आणि कॉनरॅड व जेरेमाया हे दोन सख्खे भाऊ. तीन पुस्तकं २००९ ते २०११ या काळात येऊन गेलेली, शेवट सगळ्यांना माहीत. तरी २०२५च्या जुलैपासून त्यांवरच्या टीव्ही मालिकेचा तिसरा भाग दर बुधवारी येऊ लागला, तेव्हा लेखिका शेवट बदलणार की काय, या धास्तीने लोकांनी सप्टेंबरपर्यंतचे आठवडे मोजले. धास्तीपर्यंत ठीक होतं. पण नावडत्या भावाचं काम करणाऱ्या नटाला शिव्याशाप देण्यापर्यंत मजल गेली आणि कथा काल्पनिक असली तरी काम करणारी माणसं खरी आहेत, हे मालिकेच्या अधिकृत खात्यावरून सांगावं लागलं. आवडीने पुस्तकं वाचणाऱ्यांना हे सांगावं लागणं नामुष्कीचंच.

सगळ्या जोड्या टिकाव्यात, असंही या वाचकाचं म्हणणं नसतं. ज्युडी ब्लूमला तिच्या मुलीने विचारलं होतं, की प्रेमात पडून शरीराने जवळ आलेल्या दोघांपैकी कुणाचंच पुढे भयंकर वाटोळं होत नाही, असं एखादं पुस्तक असेल का? ब्लूमने १९७५ साली 'फॉरेव्हर' लिहिली. नाव 'कायमचं', आणि शेवटी कॅथरीन व मायकल वेगळे होतात. आकाश मात्र कोसळत नाही. ग्रंथालयांतून हटवण्याची मागणी झालेल्या पुस्तकांत हे पुस्तक अमेरिकेत वर्षानुवर्षं राहिलं. जॉन ग्रीनच्या 'द फॉल्ट इन अवर स्टार्स'मध्ये तर हेझल आणि ऑगस्टस दोघंही कर्करोगाचे रुग्ण. ही कथा आपल्याकडे 'दिल बेचारा' हा हिंदी सिनेमा होऊन जमशेदपूरला आली. मूळ इंग्रजी सिनेमात दोघं अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्याकाठी ज्या बाकावर बसतात, तो बाक २०१४ साली जागेवरून नाहीसाच झाला. चाहते शोधत येऊ लागल्यावर नगरपालिकेला तिथे पुन्हा बाक बसवावा लागला.

मराठीत या वयाच्या प्रेमाला हात घालणारी सर्वांत चोख कादंबरी म्हणजे मिलिंद बोकील यांची 'शाळा', २००४ सालची. नववीतला मुकुंदा जोशी, बाहेर आणीबाणी, अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमणारं मित्रांचं टोळकं, आणि वर्गातली शिरोडकर. तो तिला आडनावानेच ओळखतो, मनातसुद्धा. कोण कुणाला लाइन देतं, याची टोळक्यात रीतसर चर्चा चालते. शेवटी तिच्या वडिलांची बदली होते आणि ती निघून जाते. मुकुंदा दहावीत जातो. त्याआधी, १९८२ साली, सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' आली होती. ती कॉलेजच्या पोरांनी एकमेकांना देऊन देऊन वाचली आणि २०१३ साली संजय जाधव यांच्या सिनेमाने श्रेयस-शिरीन ही जोडी नव्या पिढीपर्यंत नेली. समीक्षकांनी शिरवळकरांना फारसं जवळ केलं नाही, वाचकांनी त्याची भरपाई केली.

आणि मग मराठीत खंड पडतो. संध्या मेनन या मूळच्या भारतीय लेखिकेने 'व्हेन डिंपल मेट रिशी' लिहिली, ती अमेरिकेत, इंग्रजीत, २०१७ साली. आईबापांनी परस्पर ठरवलेलं स्थळ अचानक समोर येऊन उभं राहतं आणि बायको म्हणूनच हाक मारतं, तेव्हा कोडिंग शिकायला आलेली डिंपल हातातली कोल्ड कॉफी त्याच्या तोंडावर भिरकावते. गिल्बर्टच्या डोक्यातल्या पाटीशी या कॉफीचं नातं जवळचं आहे. या कादंबरीवरून नेटफ्लिक्सने २०२० पासून 'मिसमॅच्ड' ही हिंदी मालिका केली. त्यात डिंपल झाली ठाण्याची प्राजक्ता कोळी. २०२५ साली प्राजक्ताने स्वतःची प्रेमकादंबरी लिहिली, 'टू गुड टू बी ट्रू'. तीही इंग्रजीत.

दोष तिचा नाही. पंधरा ते वीस वयाच्या मुलांना गृहीत धरून मराठीत प्रेमकथा मागणारा प्रकाशक तिला कुठे भेटणार होता? आपल्याकडे बालसाहित्याचं कपाट संपतं आणि एकदम ऐतिहासिक कादंबऱ्यांचं सुरू होतं. मधल्या वयाची मुलं इंग्रजी पुस्तकांकडे वळली की आपण मराठीच्या भवितव्यावर परिसंवाद भरवतो. त्याऐवजी ग्रंथपालांना आणि प्रकाशकांना एक विनंती. 'शाळा' आणि 'दुनियादारी' या मुलांच्या हाताला लागतील अशा फळीवर काढून ठेवा, त्यांच्या शेजारी या वयाची आणखी चार-पाच पुस्तकं मावतील एवढी जागा मोकळी सोडा, आणि ती लिहून घेण्यासाठी विशीतल्या लेखकांना आजच पत्र पाठवा.