कपाटातली पुस्तके आणि घरातली मुले



पन्नाशी ओलांडलेली चार मराठी माणसे एकत्र जमली आणि कोणी बालपणीच्या वाचनाचा विषय काढला, की बैठकीचा रंगच पालटतो. एकाला 'श्यामची आई' वाचताना पाठ फिरवून पुसलेले डोळे आठवतात. दुसऱ्याला 'चांदोबा'चा अंक आधी कोणी वाचायचा यावरून भावंडांत झालेली झटापट आठवते. तिसरा 'फास्टर फेणे'चे नाव निघताच शाळकरी पोरासारखा खुलतो. हा जिव्हाळा अस्सल असतो. बहुतेक घरांत ती पुस्तके अजूनही कपाटात, पुठ्ठा सुटलेल्या अवस्थेत का होईना, जपून ठेवलेली आढळतात.

परंतु त्याच घरातला दहा वर्षांचा नातू त्या कपाटापाशी जातो काय? तो घरात मराठी बोलतो, आजीला आजीच म्हणतो, गणपतीची आरती त्याला तोंडपाठ असते. मात्र मराठी पुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचायला सांगितले, तर तिसऱ्या ओळीतल्या जोडाक्षरापाशी तो अडखळतो आणि पाचव्या ओळीला पुस्तक मिटतो. घरे, दागिने आणि देव्हाऱ्यातली भांडी एका पिढीकडून दुसरीकडे आपोआप जातात. पुस्तकांचे तसे नाही. ती वाचली गेली तरच वारसा ठरतात, एरवी रद्दी ठरतात. म्हणून बालपणीच्या पुस्तकांचा विषय केवळ स्मरणरंजनावर सोडून देता येणार नाही.

मराठी मुलांची ही पुस्तके काही आपसूक उगवलेली नाहीत. पूर्वी मुलांच्या कानावर ओव्या पडत, कीर्तनातली आख्याने पडत, आजीच्या कहाण्या पडत. मुलांसाठी म्हणून छापलेले पुस्तक ही दोनशे वर्षांतली गोष्ट आहे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ साली 'बाळमित्र' आणि इसापाच्या नीतिकथा मराठीत आणल्या. १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांनी 'बालबोध' हे मासिक सुरू केले आणि तीन दशकांहून अधिक काळ चालवले. त्यात चरित्रे असत, कविता असत, शास्त्रीय माहिती असे आणि त्यातले बहुतेक लेखन ओक स्वतःच करीत. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी 'आनंद' मासिक काढले. मुलांना आपल्या भाषेत वाचायला मिळाले पाहिजे, एवढ्या एका ध्यासापोटी या माणसांनी आयुष्य वेचले. पुढच्या पिढ्यांना मिळालेली वाचनाची गोडी ही अशी कोणाच्या तरी कष्टाची कमाई होती.

या परंपरेचा मुकुटमणी म्हणजे 'श्यामची आई'. पालगडच्या पांडुरंग सदाशिव साने यांनी १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत हे पुस्तक लिहिले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. आज हे पुस्तक म्हणजे संस्कारांचे पाठ्यपुस्तक, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः त्याची पाने पुन्हा चाळली, तर तेथे उपदेशापेक्षा प्रसंग अधिक दिसतात. पाण्याला भिऊन लपलेल्या मुलाला आई छडी मारून विहिरीवर पाठवते आणि मागाहून स्वतःच कळवळते. पत्रावळ लावता येत नाही म्हणून बोलणी खाणारा मुलगा जिद्दीने ती शिकतो. संध्याकाळी तोडून आणलेल्या मुक्या कळ्या पाहून आईला वाईट वाटते. मोळीच्या भाराने वाकलेल्या दलित म्हातारीला हात द्यायला, जातीच्या शिवाशिवीची भीती बाजूला सारून, आई मुलाला पाठवते. कर्ज आहे, जप्ती आहे, घरातले दारिद्र्य आहे आणि शेवटी आईचा मृत्यूही आहे. लहान वाचकाला त्यातून कोणी नीतिपाठ शिकवत नव्हते. आपल्यासारखाच भित्रा, हट्टी, चुकणारा एक मुलगा त्याला भेटत होता आणि म्हणून त्या मुलाची आई त्याला आपली वाटत होती. संस्कार झाला तो त्या आपलेपणातून.

'चांदोबा'चे नाते निराळे. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७च्या जुलैमध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळ भाषांत हे मासिक सुरू केले. १९५२पासून ते मराठीत येऊ लागले. खांद्यावर प्रेत, हातात तलवार आणि भोवती स्मशानाचा अंधार, असा विक्रमराजा चित्रकार शंकर यांनी रेखाटला. ते एकच चित्र देशातल्या अनेक भाषांतल्या मुलांनी एकाच महिन्यात पाहिले. मराठी मुलगा आणि तेलुगू मुलगा यांना एकमेकांची भाषा येत नसली, तरी वेताळाचे कोडे दोघांपुढे एकच असे. शिवाय त्या कथेची रचनाच अशी, की शेवटी प्रश्न येई. न्याय कोणाचा, त्याग कोणाचा मोठा, अपराधी कोण? राजाचे उत्तर वाचण्याआधी मुले आपापसांत वाद घालीत. विचार करण्याचा हा सराव कोणत्याही शिकवणीवर्गाने दिला नसता. २०१३च्या सुमारास 'चांदोबा' बंद पडले आणि त्याची हळहळ पुष्कळांनी व्यक्त केली. मात्र हळहळणाऱ्यांपैकी शेवटच्या काही वर्षांत त्याचे वर्गणीदार किती होते, हा प्रश्नही वेताळाने विचारावा असाच आहे.

तिसरा सोबती फुरसुंगीचा बनेश फेणे. १९१० साली जन्मलेल्या भास्कर रामचंद्र भागवत यांनी ज्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासापासून शेरलॉक होम्सपर्यंत अनेक कथा मराठी मुलांच्या अंगणात आणून सोडल्या. 'बालमित्र' नावाचे मासिक त्यांनी पदरमोड करून चालवले. त्यांचा खरा मानसपुत्र मात्र फास्टर फेणे. विद्याभवन शाळेतला हा काटकुळा मुलगा सायकलवर टांग मारतो, 'ट्टॉक्' असा आवाज काढतो आणि संकटात उडी घेतो. त्याची वीस पुस्तके झाली, १९८७ साली दूरदर्शनवर मालिका झाली, २०१७ साली चित्रपट झाला. भागवतांनी त्याला पुराणकाळात नेऊन बसवले नाही. तो त्या वेळच्या पुण्यात राहत होता, त्या वेळच्या मुलांसारखा बोलत होता. ज्या पुस्तकांना आज जुनी म्हटले जाते, ती त्या काळी अगदी ताजी होती, ही गोष्ट विसरता कामा नये.

याच मालिकेत आणखी नावे येतात. नाथमाधवांची 'वीरधवल' ही अद्भुतरम्य कादंबरी १९१३ सालची, पण पुढच्या दोन-तीन पिढ्यांनी ती रात्री जागून वाचली. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या घरोघरी पोहोचला. अनंत पै यांनी १९६७ साली 'अमर चित्रकथा' सुरू केली. दूरदर्शनच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणकथेतला प्रश्न आला, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, ही रुखरुख त्यामागे होती. पै यांनी त्यावर नुसता खेद व्यक्त न करता पुस्तके काढली. १९७१च्या नोव्हेंबरात बालभारतीने 'किशोर' सुरू केले आणि जेथे पुस्तकाचे दुकान नाही अशा गावांतल्या शाळांतही ते पोहोचले.

आणि एका वाचनाचा उल्लेख सभेत सहसा होत नाही. पाठ्यपुस्तकाच्या आड दडवून वाचलेल्या बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा! झुंजार आणि काळा पहाड यांनी कित्येक घरांत वडिलांचा मार खायला लावला. तथापि भराभर वाचण्याची सवय त्याच पुस्तकांनी लावली आणि पुढे पुष्कळांची मजल हरिभाऊ आपटे यांच्या कादंबऱ्यांपर्यंत आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्या 'राजा शिवछत्रपती'पर्यंत गेली. सारेच काही थोर साहित्याने वाचक झाले नाहीत. आधी गोडी लागली, अभिरुची मागून आली.

मग हा धागा तुटला कोठे? सारा दोष मोबाइलच्या माथी मारणे सोपे आहे. पण मोबाइल येण्याआधीच पुष्कळ घरांतून तीन गोष्टी गेल्या होत्या. मुलाच्या शिक्षणाचे माध्यम बदलले, तेव्हा घरातल्या वाचनाची भाषा कोणती राहील याचा विचार झाला नाही. ग्रंथालयाची वर्गणी खर्चाच्या यादीतून गळाली. आणि आईवडिलांच्या हाती पुस्तक दिसेनासे झाले. २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, २०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्ही गोष्टी स्वागतार्हच. पण कायदा मुलाला मराठीच्या परीक्षेपर्यंत नेतो, गोष्टीपर्यंत नेत नाही. गोष्टीपर्यंत नेणारे बोट घरातल्याच माणसाचे लागते.

त्यासाठी फार मोठी योजना नको. ज्या मुलाला वाचता येत नाही, त्याला ऐकता तरी येते. रात्री पंधरा मिनिटे आजोबांनी, आजीने, आईने किंवा वडिलांनी मोठ्याने वाचावे आणि मुलाने शेजारी बसून पानावर नजर ठेवावी. माजघर, पत्रावळ, जप्ती असे शब्द आले की थांबून दोन वाक्यांत सांगावे. त्या निमित्ताने घराचा इतिहासही सांगून होतो. एक पथ्य मात्र पाळावे. गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारू नये. तात्पर्य विचारले की गोष्टीचा धडा होतो आणि धड्यापासून मूल पळते.

दुसरे असे, की आपल्या आवडीची पुस्तके मुलाला आवडलीच पाहिजेत हा हट्ट सोडावा. नव्या लेखकांची, आजच्या मुलांच्या जगातली मराठी पुस्तके घ्यावीत. फेणेची सायकल ज्या मुलाला परकी वाटते, त्याला दुसरा कोणी मित्र भेटू द्यावा. वाढदिवसाच्या भेटींत एक मराठी पुस्तक असावे. जवळच्या ग्रंथालयाचे बालविभागाचे सभासदत्व मुलाच्या नावाने घ्यावे आणि पुस्तक त्याचे त्याला निवडू द्यावे. सुट्टीत महाबळेश्वर-पाचगणीला जाणाऱ्यांनी भिलारला थांबावे. तेथे २०१७पासून घराघरांत पुस्तके मांडलेली आहेत. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने संगणकावर खुले केले आहेत, तेव्हा ज्या पडद्याची तक्रार होते, त्याच पडद्यावर एखादा अंक उघडता येईल.

आणि सुरुवात कोठून करावी हा प्रश्न पडलाच, तर उत्तर कपाटातच आहे. 'श्यामची आई'ची प्रकरणे रात्रींनी मोजली आहेत, कारण श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री आहेत. दररोज एक वाचली, तर दीड महिन्याच्या आत पुस्तक पुरे होते. घरातल्या मोठ्या माणसांनी एवढ्या बेचाळीस रात्री द्याव्यात. पहिल्या आठवड्यात मूल चुळबुळ करील. दुसऱ्या आठवड्यात जेवणे लवकर आटपण्याची घाई तेच करू लागले, तर पुठ्ठा सुटलेले ते पुस्तक पुन्हा बांधून घ्यायला हरकत नाही.