पाणी मोजायला सातबारा लागत नाही



शेतीच्या शिबिराचा विषय काढला की आपल्या मोहल्ल्यातून पहिला प्रश्न येतो, "आमच्याकडं सातबारा कुठंय?" प्रश्न खरा आहे. आपली कितीतरी घरं यंत्रमागावर, फळांच्या गाड्यावर, गॅरेजवर किंवा दुसऱ्याच्या रानातल्या मजुरीवर चालतात. माझ्याही नावावर गुंठाभर जमीन नाही. तरीही शेती आणि पाणी शिका, असा आग्रह मी आज धरणार आहे.

आपला जिल्हा अवर्षणप्रवण. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. म्हणूनच १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं. आपण भाकरीला वापरतो ती मालदांडी ज्वारी मोहोळच्या केंद्रात निवडली गेली. २००५ मध्ये केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आलं. मोहोळ आणि खेड इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत आणि ग्रामीण तरुणांना शिकवणं हे त्यांचं नेमून दिलेलं काम आहे. डाळिंबाच्या व्यापारात आपले बागवान पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या मुलामुलींना भाव कळतो. फळावर तेल्या का येतो, हेही कळायला काय हरकत आहे?

आता बार्शी तालुक्यातल्या सुर्डीकडं पाहा. २०१९ च्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत हे गाव राज्यात पहिलं आलं. पानी फाउंडेशनच्या या स्पर्धेत आधी गावातल्या मोजक्या लोकांना निवासी प्रशिक्षण मिळायचं. पाणलोटाचं काम माथ्याकडून पायथ्याकडं का करायचं, हायड्रोमार्करनं समपातळी रेषा कशी आखायची, गावाच्या पाण्याचा ताळेबंद कसा मांडायचा, हे ते शिकायचे आणि परत येऊन गावाला शिकवायचे. मग श्रमदान. १ मेच्या महाश्रमदानाला शहरातले जलमित्रही कुदळ-फावडं घेऊन जायचे. कुदळ हातात देताना कोणी सातबारा मागत नव्हतं.

पण नुसतं पाणी अडवून भागत नाही. अडवलेल्या पाण्यावर सगळ्यांनी ऊस लावला, नवी बोअर पाडली, तर उन्हाळ्यात टँकर पुन्हा येणारच. आणि टँकरच्या रांगेत आधी उभी राहते ती मजुराच्या घरची बाई. पाणी कुणाला, किती आणि कोणत्या पिकाला, हा निर्णय ग्रामसभेत होतो. ज्याला पाणी मोजता येतं, त्याला तिथं बोलता येतं. बाकीचे माना डोलावतात. भूमिहीनानं हे शिकायचं ते यासाठी.

शहरातल्यांनी सुरुवात छपरापासून करावी. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे तीन हजार चौरस फुटांच्या मशिदीच्या किंवा शाळेच्या छतावर वर्षाला साधारण दीड लाख लिटर पाणी पडतं. वाया जाणारं सोडून दिलं तरी लाखभर लिटर गाळून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडता येतं. आज ते बहुतेक ठिकाणी गटारात जातं.

माझी मागणी साधी आहे. पुढच्या पावसाळ्याआधी प्रत्येक गटानं आपल्या वस्तीतलं एक छत मोजावं आणि तिथल्या विश्वस्तांसमोर हिशेब ठेवावा. कृषी विज्ञान केंद्राच्या प्रशिक्षणाला प्रत्येक गटातून दोघांनी जावं आणि त्यातली एक मुलगी असावी. घरात पाणी भरतात त्या, साठवतात त्या, काटकसरही त्याच करतात. मग टेप आणि वही फक्त मुलांच्या हातात का?

प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापुरतं शिकायचं असेल तर येऊ नका. हिशेब घेऊन चारचौघांत उभं राहायचं असेल तर जरूर या.