रोवणीच्या दिवसांतली कबड्डी

दुपारची भांडी झाली असतील. कुणी तांदूळ निवडत बसली असेल, कुणी सुनेच्या मोबाइलवर ऐकत असेल. मागच्या वेळी मी गटाच्या हिशेबवहीबद्दल बोलले होते. आजही बोलणं फिरून वहीवरच येणार आहे, पण सुरुवात मैदानापासून करते.

आमच्या गावच्या हायस्कूलच्या मुली मागच्या पावसाळ्यात शालेय कबड्डी स्पर्धेत उतरल्या. या स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या अशा तीन वयोगटांत होतात. आमच्या मुली 17 वर्षांखालच्या गटात. आधी तालुका, तिथे जिंकलं तर भंडाऱ्याला जिल्हा, मग नागपूर विभाग, म्हणजे सहा जिल्हे, आणि त्यानंतर राज्य. कुठेही हरलं की पिशवी उचलून घरी. जूनमध्ये सराव सुरू होतो आणि दिवाळीच्या आगेमागे बहुतेकांचं त्या वर्षाचं खेळणं संपतं. मुली त्याला 'सीझन' म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणते.

आता मला सांगा, जून ते दिवाळी हा आपल्या चौरास भागात कसला सीझन असतो? पऱ्हे टाकणं, रोवणी, निंदण, कापणी. शाळेचं वेळापत्रक बनवणाऱ्यांनी कधी बांधीत पाय घातला असेल, असं मला वाटत नाही.

हे मला आधीपासून ठाऊक होतं, कारण मीही कबड्डी खेळलेली आहे. उजव्या कोपऱ्यात उभी राहायचे, पकडीला. बारावीत असताना आमचा संघ विभागाला गेला, मी गेले नाही. स्पर्धा दोन दिवस मुक्कामाची होती. बाबा म्हणाले, मुक्काम नाही. आई काहीच बोलली नाही. त्या दोन दिवशी मी धान कापला. बाबांवर राग नाही, त्यांच्या जागी तेव्हा गावातला कुणीही तेच म्हणाला असता. पण संघ हरून आला तेव्हा मला बरं वाटलं होतं, आणि त्याची लाज आजही वाटते.

असो. तर जुलैच्या गटबैठकीत एका ताईने 450 रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कशाला? पोरीला बूट घ्यायला. गावात मुली मातीवर अनवाणी खेळतात, पण जिल्ह्याला मॅट असते. मॅटवर साध्या चपला-बुटाने पाय सरकतो आणि अनवाणी खेळलं तर तळव्याची साल निघते. सचिव ताई पेन हातात धरून माझ्याकडे बघत म्हणाली, "ताई, हे कर्ज कोन्या रकान्यात लिवू?"

आपल्या वहीत रकाने ठरलेले. आजारपण, शेती, शिक्षण, व्यवसाय, घरदुरुस्ती. खेळाला रकानाच नाही. एक काकू म्हणाल्या, किरकोळ लिहा. दुसरी म्हणाली, लग्नाचा खर्च आपण किरकोळ लिहितो का? अर्धा तास त्यावरच गेला. शेवटी शिक्षणात लिहायचं ठरलं. मग कुणीतरी विचारलं, एकीच्याच पोरीला बूट, बाकीच्या अकरा जणींचं काय? संघात 12 मुली असतात, सात मैदानात आणि पाच राखीव.

त्या दिवशी मी मोबाइलवरची एक बातमी वाचून दाखवली. लडाखच्या मुलींची. तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात आणि त्या बर्फावर पोरं-पोरी हॉकी खेळतात. पायात चाकूच्या पात्यासारखं पातं लावलेले बूट, हातात काठी, आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती. बर्फ जेमतेम दोन महिने टिकतो, म्हणजे त्यांचा सीझनही तेवढाच. भारताच्या महिला संघात बहुतेक मुली लडाखच्याच. 2016 मध्ये हा संघ पहिल्यांदा देशाबाहेर खेळायला गेला, तैपेईला, तो लोकांनी दिलेल्या वर्गणीवर. सगळे सामने हरून आला. 2017 ला बँकॉकमध्ये फिलिपिन्सला 4-3 ने हरवलं, तो त्यांचा पहिला विजय. आणि 2025 च्या जूनमध्ये अल ऐनला आशिया चषकात कांस्यपदक घेतलं.

बायांनी शांतपणे ऐकलं. बर्फाचं कुणाला फार काही वाटलं नाही, पण वर्गणीचं बरोबर कळलं. एक मावशी म्हणाल्या, "हारल्या तरी दुसऱ्या साली पैसे देल्ले का लोकायनं?" दिले, म्हटलं. मावशी म्हणाल्या, "मंग ठीक."

आमच्या गावात तीन गट आहेत. बैठकीला उशिरा येणाऱ्यांकडून 10 रुपये दंड घेतो, तो वेगळा ठेवलेला असतो. तिन्ही गटांचा मिळून 3,870 रुपये निघाला. 12 जोड बुटांचे 5,400 झाले. उरलेले 1,530 रुपये 34 जणींनी 45-45 काढून भरले. म्हणजे ज्या बाया नेहमी उशिरा येतात, त्यांनी खरं तर संघाला सगळ्यात जास्त मदत केली! दोघींनी तसं बोलूनही दाखवलं.

बूट आले, पण रोवणी थांबली नाही. तालुक्याची स्पर्धा ऑगस्टमध्ये लागली, नेमकी रोवणीच्या शेवटच्या आठवड्यात. आमच्या संघाची मुख्य चढाईपटू, तिचं नाव मी घेत नाही, आईसोबत रोवणीच्या टोळीत जायची. वडील नाहीत. टोळी 14 बायांची, एकराने गुत्ता घेतलेला, माणशी दिवसाला 300 च्या आसपास वाटणी. पोरीची वाटणी म्हणजे त्या घराचा पंधरवड्याचा किराणा. ती पहाटे साडेपाचला सराव करायची, मग चिखलात, मग शाळा. किंवा शाळा नाहीच.

टोळीत विचारलं की स्पर्धेच्या दिवशी तिच्या वाटचं रोवणं आपण सगळ्यांनी ओढून घ्यायचं का. बहुतेक जणी हो म्हणाल्या. एक बाई नाही म्हणाली. "माही पोरगी खेरत नाही म्हनून तिनं का पाप केलं? तिले कोन सुट्टी देते?" सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. मला मात्र आजही वाटतं की तिचं बोलणं खोटं नव्हतं. तिची पोरगी नववीत शाळा सोडून टोळीत आली होती आणि तिच्यासाठी आम्ही कुणी कधी बैठक घेतली नव्हती. त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. पुढे त्या मुलीचा 17 नंबरचा फॉर्म भरला, ती बाहेरून दहावीला बसते आहे. पण ते नंतरचं.

तालुक्याला आमच्या मुली जिंकल्या. चिखलाच्या मैदानावर, पाऊस अंगावर घेत. त्यातलं फार सांगण्यासारखं नाही, समोरचे संघ दुबळे होते.

सांगण्यासारखी गोष्ट दुसरीच. उपांत्य सामन्यात ही चढाईपटू दुसऱ्या डावात हाशहुश करायला लागली. मुलींचा सामना म्हणजे 15 मिनिटांचे दोन डाव, आणि एक चढाई फक्त 30 सेकंदांची, 'कबड्डी कबड्डी' म्हणत, दम न सोडता. तिचे ओठ पांढरे पडलेले मला बाजूला बसूनही दिसत होते. दुसऱ्या दिवशी तिला ग्रामीण रुग्णालयात नेऊन रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 8.9. मग संघातल्या सगळ्यांचंच तपासून घेतलं. बारापैकी सात जणींचं रक्त कमी निघालं. शाळेत आठवड्याला निळी गोळी मिळते, लोहाची. मुलींनी काय केलं होतं माहीत आहे? मळमळतं म्हणून खिडकीबाहेर टाकली होती. आता ती गोळी सर सगळ्यांसमोर, जेवणानंतर खायला लावतात. उपाशीपोटी घेतली तर मळमळतंच, आणि चहासोबत घेतली तर अंगी लागत नाही. आठ-नऊ पॉइंट रक्त असेल तर आठवड्याच्या गोळीने भागत नाही, डॉक्टर वेगळं औषध देतात. तिला तीन महिने घ्यावं लागलं. तुमची मुलगी खेळत नसली तरी तिचं रक्त तपासून घ्या. शेतात राबतानाही दम तोच लागतो.

जिल्ह्याची स्पर्धा भंडाऱ्याला सप्टेंबरात झाली. एसटीत बायांना अर्धं तिकीट, म्हणून आम्ही नऊ बाया बघायला गेलो. बहुतेकींनी आयुष्यात पहिल्यांदा कबड्डीचा पूर्ण सामना पाहिला. बोनस रेषा म्हणजे काय, लोण म्हणजे काय, हे मी त्यांना कानात सांगत होते. समोरचे सातही बाद केले की लोण, वरचे दोन गुण. अंतिम सामन्याला त्यातल्याच एक काकू पंचांवर ओरडायला लागल्या, "वो साहेब, पाय लागला ना तिचा!" आणि खरंच लागला होता. सामना एका गुणाने आमचा झाला. तुम्हाला आठवत असेल, 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या महिलांनी तैपेईला 26-25 असं हरवून सुवर्ण घेतलं होतं. त्या संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती. मी तेव्हा घरी टीव्हीसमोर उभी राहून ओरडले होते. भंडाऱ्याला तर आवाजच बसला.

आता मुक्काम आला. विभागाची स्पर्धा दोन रात्रींची. पाच घरांतून लगेच नाही आली. कारण तेच, वीस वर्षांपूर्वीचं. सोबत कोण? झोपायचं कुठे? शाळेत बाई शिक्षिका नाही, खेळाचे सर एकटे, तेच भूगोलही शिकवतात. मी बाबांना तेव्हा उलटून काही बोलू शकले नव्हते. यावेळी मी त्या पाच घरी एकटी गेले नाही, गटाच्या अध्यक्ष ताई आणि चढाईपटूची आई सोबत होत्या. भाषण केलं नाही. शाळेला लेखी कळवलं की गटाच्या दोन बाया मुलींसोबत त्याच खोलीत झोपतील, आणि कोणत्या दोन, ते घराघरात सांगितलं. एका बापाने विचारलं, "अन् पोरीची पाळी आली तं?" माझ्या वडिलांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. म्हटलं, पॅड आम्ही नेतो आहोत, काळ्या चड्ड्याही शिवल्यात. चार घरं तयार झाली. पाचवं नाही झालं. ती मुलगी कोपऱ्याची पकडपटू होती. माझी जागा.

विभागाला आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो, 19 गुणांनी. समोरच्या मुली वर्षभर मॅटवर खेळणाऱ्या, वजनाने, ताकदीने पुढे. मध्यंतरालाच निकाल दिसत होता. पोरी रडल्या, मग नागपूरला चाट खाल्ला, मग गाडीत गाणी म्हणत आल्या. गावात उतरलो तेव्हा थांब्यावर कुणी नव्हतं, कापणीचे दिवस.

खरी अडचण मंडईच्या दिवसांत आली. मंडईला पाहुणे येतात, तसं चढाईपटूसाठी तिच्या मोठ्या काकांनी मागणं आणलं. मुलगा बरा, तीन एकर धानाची शेती. पोरीला सोळावं चालू. मी कायदा सांगायला तयारच होते. 18 पूर्ण झाल्याशिवाय मुलीचं लग्न हा गुन्हा आहे, 1098 वर फोन करता येतो, लाख वेळा सांगितलेलं. पण तिच्या आईने मला मध्ये बोलूच दिलं नाही. दिराला म्हणाली, "भाऊजी, पोरगी अजून एक सीझन सतराच्या गटात खेरू शकते. मंग एकोणीसचा गट हाय." काका म्हणाले, खेळून काय मिळते? तिने आतून जिल्ह्याचं प्रमाणपत्र आणलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं, रेशनकार्डासोबत.

इथे मला एक सांगायलाच हवं, नाहीतर उगाच आशा लागेल. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण ते जिल्ह्याच्या कागदावर मिळत नाही, त्याला वरच्या पातळीवरचं पदक लागतं आणि प्रमाणपत्राची तपासणी होते. दहावी-बारावीला सवलतीचे गुण असतात, ते खेळाच्या पातळीप्रमाणे ठरतात आणि शाळेने वेळेत प्रस्ताव पाठवला तरच मिळतात. तेव्हा कागद जपून ठेवा आणि सरांना आठवण द्या. काकांनाही मी एवढंच सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही. मागणं सध्या मागे पडलं आहे, संपलेलं नाही. पुढच्या मंडईला तिला सतरावं चालू असेल.

12 मुलींपैकी दोघींनी खेळ सोडला. पाचव्या घरची मुलगी संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभी राहून बघत असते. तिच्या आईशी माझं बोलणं चालू आहे, वडिलांशी अजून नाही.

दंडाच्या पेटीत आता 640 रुपये आहेत. वहीत आम्ही नवा रकाना आखला, त्यावर सचिव ताईने 'खेळ' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. बुटांपैकी आठ जोड अजून चालतील. चार जोड मुलींना लहान झालेत पण फाटलेले नाहीत, मापं तीन आणि चार. तुमच्या गावात 14 वर्षांखालचा मुलींचा संघ असेल तर तुमच्या सीआरपी ताईंकडे निरोप द्या. जून लागायच्या आत पाठवून देऊ.